अठरा वर्षांनंतर त्यांनी कुठे शिकायचं? महाराष्ट्रातल्या कुलगुरूंना खुलं पत्र

प्रति,
मा. कुलगुरू,
महाराष्ट्रातील सर्व सार्वजनिक विद्यापीठे

सादर नमस्कार.

मागणी आधी सांगते, कारणं नंतर. आपल्या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातल्या प्रत्येक जिल्ह्यात निदान एका महाविद्यालयाने बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या तरुण मुलामुलींसाठी दोन वर्षांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम सुरू करावा. त्याला प्रवेश घेताना बारावीची अट नसावी. आणि त्यातला बराचसा वेळ या मुलांनी कॉलेजातल्या इतर विद्यार्थ्यांबरोबर, त्यांच्याच वर्गात बसून शिकावं.

मी विशेष शिक्षिका आहे. सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी बौद्धिक दिव्यांग मुलांच्या शाळेत माझी नोकरी झाली. या मुलांना शिकायला वेळ लागतो. एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या तऱ्हेने सांगावी लागते. पैशाचा हिशेब, वेळेचा अंदाज, अनोळखी माणसाशी बोलणं हे त्यांना अवघड जातं. पण शिकणं थांबत नाही, आणि अठराव्या वाढदिवसाला तर मुळीच थांबत नाही. उलट माझा अनुभव असा, की कितीतरी मुलांना सोळा-सतराव्या वर्षी कुठे वाचनाची गोडी लागते. पाटीपुस्तकाशी झगडून झालेलं असतं, भीती गेलेली असते, आणि मग एक दिवस मुलगा वर्तमानपत्राचा मथळा आपणहून वाचून दाखवतो. नेमकं तेव्हाच, अठरा पूर्ण झाली म्हणून, आम्हाला त्याचं नाव शाळेच्या हजेरीपटावरून काढावं लागतं.

पुढे काय होतं? जवळपास मोठ्या झालेल्या अशा मुलांना हातकाम देणारी कार्यशाळा असेल तर मूल तिथे जातं. पणत्या रंगवणं, राख्या, मेणबत्त्या, कागदी पिशव्या, पाकिटं. या कार्यशाळांनी महाराष्ट्रात फार मोठं काम केलं आहे, कितीतरी आईवडिलांच्या जिवाला त्यांनी घोर लागू दिला नाही, हे मी मनापासून मानते. पण ज्या मुलाला नकाशे बघण्याचा नाद आहे आणि ज्या मुलीला गावातल्या प्रत्येक घराची माहिती तोंडपाठ आहे, त्या दोघांनाही पणत्याच रंगवायला लागतात. आणि कार्यशाळा नसेल तर घर. सकाळी ओटा, दुपारी टीव्ही, संध्याकाळी पुन्हा ओटा. शाळेत असताना एसटीने एकटी येणारी, कंडक्टरकडून सुटे पैसे मोजून घेणारी मुलगी घरी बसली की दोन-तीन वर्षांत किराणा दुकानात जायलाही बिचकते. वापरात नसलेली कौशल्यं जातात. ती शिकवायला आम्हाला आणि शिकायला तिला किती वर्षं लागली होती, हे आठवलं की वाईट वाटतं.

आता कायद्याचं बोलते, कारण आपल्याकडे येणारी फाइल कायद्यावरूनच पुढे सरकते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये संमत झाला आणि एप्रिल 2017 पासून लागू झाला. दिव्यांगत्वाचे 21 प्रकार त्याने मान्य केले, त्यात बौद्धिक दिव्यांगत्व आहे. कलम 32 प्रमाणे शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांनी 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांसाठी किमान 5 टक्के जागा राखून ठेवायच्या आहेत, प्रवेशाच्या कमाल वयातही 5 वर्षांची सवलत द्यायची आहे. कलम 17 अभ्यासक्रमात आणि परीक्षापद्धतीत योग्य ते बदल करायला सांगतं. सर्वसमावेशक शिक्षणाची व्याख्याच या कायद्याने अशी केली आहे, की दिव्यांग आणि इतर विद्यार्थी एकत्र शिकतील आणि शिकवण्याची रीत दिव्यांग विद्यार्थ्यांच्या गरजांप्रमाणे बदललेली असेल. डिसेंबर 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च शिक्षण संस्थांना कलम 32 पाळण्याचे स्पष्ट आदेश दिले.

प्रत्यक्षात काय आहे? 2021-22 च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात देशात सुमारे 4 कोटी 33 लाख विद्यार्थी होते. त्यात सर्व प्रकारचे दिव्यांग विद्यार्थी मिळून 90 हजारांच्या आत. पाव टक्काही भरत नाही. अंध, कर्णबधिर, अस्थिव्यंग असलेले सगळे धरून ही गत, तर बौद्धिक दिव्यांग विद्यार्थी त्यात कितीसे असणार? 2011 च्या जनगणनेत देशात अशा व्यक्ती सुमारे 15 लाख नोंदल्या गेल्या होत्या. त्यांच्यासाठीही राखीव जागा आहेत, पण त्या जागेपर्यंत जाण्याच्या वाटेवर बारावीची अट आहे. विशेष शाळेत बारावीच नसते. म्हणजे हक्क एका कलमाने द्यायचा आणि पात्रतेच्या नियमाने परत घ्यायचा, असं चाललं आहे.

हे कागदावर कोरडं वाटतं. प्रत्यक्षात कसं होतं ते सांगते. माझ्या एका विद्यार्थिनीचा धाकटा भाऊ कॉलेजला जायला लागला. तिने आईचा पिच्छा पुरवला, मलाही जायचंय. आई मला घेऊन गेली, कारण एकटीला बोलायचं धाडस होत नव्हतं. प्रवेशाच्या खिडकीत बसलेले गृहस्थ सज्जन होते. त्यांनी मुलीकडे एकदा पाहिलं आणि आईला म्हणाले, "ताई, बारावीची मार्कलिस्ट लागेल. हिची आहे का?" आई म्हणाली, नाही. "मग दहावी?" नाही. "मग हिला कशाला आणलंत?" ते मुद्दाम लागेल असं बोलले नव्हते, नियमाप्रमाणे त्यांचं बरोबरच होतं. मुलगी मधेच म्हणाली, "माझं नाव विचारा ना." त्यांनी विचारलं. तिने नाव, आडनाव, गाव, तालुका, जिल्हा सगळं सांगितलं, अगदी खणखणीत. मागच्या रांगेतली मुलं हसली नाहीत, हे मला मुद्दाम नोंदवायचं आहे. एका मुलीने तिला पुढे बाकावर बसायला जागाही करून दिली. अडचण त्या मुलांची नव्हती. तिचं नाव लिहून घेता येईल असा अर्जच कॉलेजात नव्हता.

म्हणून तो अर्ज तयार करा, असं मी आपल्याला म्हणते आहे.

पण ही मुलं कॉलेजात शिकणार काय, असं प्राध्यापक मंडळी विचारतात, आणि बहुतेक जण खरोखर समजून घ्यायला विचारतात. एकच तास घेऊन सांगते. प्रथम वर्ष कला शाखेत राज्यशास्त्राच्या तासाला 73 वी घटनादुरुस्ती आणि पंचायत राज चाललं आहे. इतर मुलं घटनादुरुस्तीची पार्श्वभूमी, आरक्षण, वित्त आयोग वगैरे लिहून घेत आहेत. त्याच बाकावर बसलेल्या आमच्या मुलासमोर एक पान आहे, मोठ्या अक्षरात, छोट्या वाक्यांत, चित्रांसह. माझं गाव कोणतं. माझा वॉर्ड कोणता. सरपंच कोण. पाण्याची तक्रार कुणाकडे करायची. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास ग्रामसभा होते, त्यातल्या एकीला जायचं, तिथे बसायचं, एक फोटो काढायचा, आणि पुढच्या आठवड्यात वर्गासमोर दोन मिनिटं सांगायचं. जमलं तर हात वर करून ग्रामसभेत एक प्रश्न विचारायचा. विषय तोच, प्राध्यापक तेच, वेळ तीच. फक्त शिकण्याचं उद्दिष्ट त्याच्यासाठी वेगळं ठरवलं आहे, आणि ते गाठलं की नाही हे तपासताही येतं.

हा मुलगा मतदार आहे, हेही लक्षात घ्यावं. न्यायालयाने विशेष निकाल देऊन अपात्र ठरवल्याशिवाय बौद्धिक दिव्यांग व्यक्तीचा मतदानाचा हक्क जात नाही. माझ्या कितीतरी विद्यार्थ्यांच्या बोटाला शाई लागलेली मी पाहिली आहे. ज्याला आपण राज्य कुणी चालवायचं हे ठरवू देतो, त्याला राज्यशास्त्राच्या तासाला बसू देत नाही.

असंच गृहविज्ञानात करता येईल, भूगोलात करता येईल, संगणकाच्या प्रयोगशाळेत तर फारच चांगलं. मराठीच्या तासाला कविता ऐकायला कुणाला बारावी लागते? गणिताच्या सन्मान पदवीच्या वर्गात मात्र बसवू नये, कारण तिथे बसणं म्हणजे नुसतं बसणं होईल. कुठला विषय, कुठला तास, किती वेळ, हे प्रत्येक मुलाचं वेगळं असेल. ते विशेष शिक्षकाने, विषयाच्या प्राध्यापकाने आणि स्वतः त्या विद्यार्थ्याने एकत्र बसून ठरवायचं. आम्ही विशेष शाळेत प्रत्येक मुलाचा वैयक्तिक शैक्षणिक कार्यक्रम करतो, तो आम्हाला येतो. आम्ही शिकवू.

जगात हे नवं नाही. कॅनडात अल्बर्टा विद्यापीठात 1987 पासून बौद्धिक दिव्यांग विद्यार्थी इतरांबरोबर वर्गात बसत आहेत. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात त्यांच्यासाठी स्वतंत्र केंद्र आहे, तिथे दोन वर्षांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम चालतो आणि त्याला जोडून कंपन्यांमध्ये कामाचा अनुभवही मिळतो. अमेरिकेने 2008 मध्ये उच्च शिक्षणाच्या कायद्यात दुरुस्ती केली ती आपल्यासाठी फार बोलकी आहे. मान्यताप्राप्त अभ्यासक्रमात शिकणाऱ्या बौद्धिक दिव्यांग विद्यार्थ्याकडे नेहमीचं शालान्त प्रमाणपत्र नसलं तरी त्याला केंद्र सरकारचं शैक्षणिक अनुदान मिळेल, अशी तरतूद त्यांनी केली. आपल्याकडे बारावीपाशी जे अडतं, तेच त्यांच्याकडे अडत होतं. ते काढल्यावर कॉलेजं पुढे आली. आज तिथे असे 300 हून अधिक कार्यक्रम आहेत.

प्रमाणपत्राची मागणी करताना एक गोष्ट स्पष्ट करते. पदवीचा मार्ग त्यामुळे बंद होता कामा नये. स्पेनमधल्या पाब्लो पिनेडा यांना डाउन सिंड्रोम, म्हणजे बौद्धिक दिव्यांगत्वाशी जोडलेली जन्मजात अवस्था, आहे आणि त्यांनी मालागा विद्यापीठातून पदवी घेतली आहे. आपल्याकडेही काही मुलं राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावी-बारावी करतात. तिथे एकेक विषय सवडीने देता येतो, गणिताची सक्ती नाही, पाच वर्षांत परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. एवढं करून जो आपल्या दारात येतो, त्याला पदवीलाच प्रवेश द्यावा, वाढीव वेळ, लेखनिक, सोप्या भाषेतली प्रश्नपत्रिका हे सगळं द्यावं. "तुमच्यासाठी तो वेगळा कोर्स आहे, तिकडे जा," असं त्याला कुणी सांगू नये.

आणि वेगळ्या खोलीबद्दल मला खरी भीती वाटते. कॉलेजच्या मागच्या बाजूला एक रिकामी खोली द्यायची, दारावर पाटी लावायची, उद्घाटनाला मंत्र्यांना बोलवायचं, आणि मुलं सकाळी त्या खोलीत आली की संध्याकाळी त्याच खोलीतून घरी. तसं होणार असेल तर कॉलेज कशाला हवं, आमची शाळा काय वाईट होती? मुलांनी इतरांमध्ये असायला हवं. ग्रंथालयाचं कार्ड, ओळखपत्र, कँटीनचा चहा, स्नेहसंमेलनातला नाच, क्रीडादिन, परीक्षेच्या आधीची ती सार्वत्रिक घबराट, सगळं त्यांच्याही वाट्याला यायला हवं. अठरा ते वीस या वयात माणूस वर्गाबाहेर जे शिकतो ते आयुष्यभर पुरतं, हे आपण सगळेच जाणतो.

त्यासाठी सोबती लागतील, आणि ते आपल्याकडे तयार आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकाला वर्षाला 120 तास काम करायचं असतं. त्यातले काही तास एखाद्या वर्गमित्राबरोबर ग्रंथालयात बसण्यात, नोट्स सोप्या करून देण्यात, स्टँडवर बस बघून देण्यात गेले तर त्याहून चांगली सेवा कुठली? मात्र एक सांगून ठेवते. आमची मुलं कुणाला माणुसकी शिकवायला कॉलेजात येणार नाहीत. इतर मुलांच्या मनावर चांगला परिणाम होईल, हे खरं आहे आणि तो होईलच, पण त्या कारणासाठी प्रवेश देऊ नये. ती स्वतः शिकायला येतील.

दर्जा घसरेल असं काहींना वाटतं. पदवीची परीक्षा, तिचे निकष, तिचे गुण यांना या अभ्यासक्रमाचा हातही लागत नाही, त्यामुळे त्या आक्षेपावर मी फार लिहीत नाही.

प्राध्यापकांवरचा भार हा आक्षेप मात्र खरा आहे. रिक्त जागा किती वर्षं भरल्या गेल्या नाहीत, तासिका तत्त्वावरचे शिक्षक किती तुटपुंज्या मानधनात किती तास घेतात, हे माझ्या घरातही मी पाहते. त्यांच्या डोक्यावर आणखी एक काम टाकून मोकळं होऊ नये. दोन-तीन महाविद्यालयांत मिळून एक विशेष शिक्षक नेमावा, भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेला. आपल्याच विद्यापीठांमधून विशेष शिक्षणाचं बी.एड. करून दरवर्षी मुलं बाहेर पडतात आणि नोकरी शोधत हिंडतात. पगाराचा प्रश्न आहेच. राज्यात 2022 पासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग आहे. उच्च शिक्षण विभाग आणि तो विभाग यांना एकत्र बसवण्याचं वजन आपल्या शब्दाला आहे, माझ्यासारखीच्या अर्जाला नाही.

मुलींच्या आयांना वेगळीच काळजी असते. कॉलेजात कुणी फसवलं तर, कुणी वाईट वागलं तर? ही काळजी मी हलकी लेखत नाही. पण घरात कोंडून ठेवलेली मुलगी सुरक्षित असते असंही माझा अनुभव सांगत नाही. कुणी अंगाला हात लावला तर "नको" म्हणायचं, कुणाकडे जाऊन सांगायचं, हे तिला शिकवावं लागतं. ते शिकवण्याचं काम या अभ्यासक्रमात पहिल्या महिन्यापासून हवं, आणि कॉलेजच्या तक्रार समितीतल्या बाई तिला चेहऱ्याने ओळखीच्या हव्यात.

मग शेवटी नोकरी लागणार का, हा प्रश्न येतो. बी.ए.ला प्रवेश घेणाऱ्या इतर कुठल्या मुलाला आपण हे विचारून फॉर्म देतो? तरीही उत्तर देते. 2016 च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत 4 टक्के आरक्षण दिलं, त्यातला 1 टक्का स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांच्यासाठी मिळून आहे. ती पदं मिळवायला शिक्षणाची अट, आणि शिक्षणाला बारावीची अट. कुठून तरी हे सोडवायला सुरुवात करावी लागेल. कॉलेजात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाने कमवा व शिका योजना चालते, तिच्यात ग्रंथालयात पुस्तकं लावणं, बागेचं काम, झेरॉक्स, कार्यालयातली आवक-जावक अशी कामं असतात. आमची मुलं नेमून दिलेलं काम विलक्षण निष्ठेने करतात. त्या योजनेत त्यांना घ्या, पहिला पगार कॉलेजातच मिळू दे.

कर्मवीरांचं नाव आलं, तर आपल्या विद्यापीठांच्या पाट्यांवरची नावंही आठवा. पुण्याच्या विद्यापीठाला सावित्रीबाईंचं नाव आहे. 1848 मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली तेव्हा शिकून या काय करणार, असंच लोक म्हणत होते. महर्षी कर्व्यांनी 1916 मध्ये महिला विद्यापीठ काढलं, तेव्हा प्रचलित अभ्यासक्रम ज्यांना सोयीचा नाही त्यांच्यासाठी नवा आखला, मातृभाषेतून शिकवला. या विद्यापीठाला कायद्याने दर्जा मिळायला 1951 साल उजाडलं, पण कर्वे मान्यतेची वाट बघत थांबले नाहीत. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाने पूर्वतयारी परीक्षेच्या वाटेने बारावी नसलेल्या किती गृहिणींना, कामगारांना पदवीपर्यंत नेलं. विद्यार्थ्याप्रमाणे विद्यापीठाने बदलावं, ही रीत आपल्याच महाराष्ट्रात पडली आहे.

सुरुवात लहान असली तरी चालेल. एका कॉलेजात आठ-दहा मुलं, वय 18 ते 30. प्रवेशासाठी विशेष शाळेचा दाखला आणि दिव्यांगत्वाचं वैश्विक ओळखपत्र पुरे. बुद्ध्यांकाची अट घालू नका, त्या आकड्यावरून मूल काय शिकेल हे मला इतक्या वर्षांत सांगता आलेलं नाही. मुलाखत घ्या ती मुलाची, पालकांची नको, आणि तिचा विषय एकच असावा: तुला काय शिकायचं आहे. फी माफ असावी. येण्याजाण्याला एसटीत दिव्यांगांना 75 टक्के सवलत आहेच. गुणपत्रिकेत आकड्यांऐवजी विद्यार्थ्याला काय येऊ लागलं ते साध्या मराठीत लिहावं, म्हणजे उद्या नोकरी देणाऱ्यालाही ते वाचून कळेल. ज्यांना यायचं नाही त्यांच्यावर सक्ती नको. काही मुलं कार्यशाळेत सुखी आहेत, काहींचं दिव्यांगत्व इतकं तीव्र आहे की त्यांच्या गरजा निराळ्या आहेत, त्यांच्यासाठीही राज्याने पुष्कळ करायचं बाकी आहे. तो विषय या पत्रात मावणार नाही.

विद्यापरिषदेच्या पुढच्या बैठकीत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा. आणि त्या बैठकीला तज्ज्ञांबरोबर या तरुणांपैकी दोघा-तिघांना बोलवावं. पालक आणि आम्ही शिक्षक बाहेर बसू. त्यांना बोलायला वेळ लागतो, वाक्य मधे अडतं, तेव्हा कुणी ते पूर्ण करून देऊ नये. प्रश्न आदल्या आठवड्यात लिहून पाठवले तर ते तयारी करून येतील.

आपली नम्र,
एक विशेष शिक्षिका
जि. सातारा